ख्वाजा युसूफचा घोडा

साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात जुन्नरच्या खानाने एका परदेशी माणसाचा घोडा काढून घेतला. निरोप आला तो असा : आमचा धर्म स्वीकार, घोडाही परत मिळेल आणि वर हजार सोन्याची नाणी. नाही स्वीकारलास तर घोडा गेलाच, उलट हजार नाणी तुझ्याकडूनच वसूल करू. विचार करायला मुदत चार दिवस.

या माणसाचं नाव अफानासी निकितीन. गाव त्वेर, म्हणजे रशियातलं व्होल्गा नदीकाठचं व्यापाऱ्यांचं शहर. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. हा गडी त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आपल्या कोकणात उतरला होता. ना पाठीशी राजा, ना स्वतःचं जहाज, ना तोफा. एक घोडा होता, बस. आणि तो काय बघतोय ते लिहून ठेवायची सवय होती. त्या टिपणांना पुढे 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' असं नाव पडलं. तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, अरबी आणि काळा समुद्र.

जुन्नरच्या घोड्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी हा माणूस तिथे पोहोचला कसा ते बघू. नवागाम-डिंडोलीतल्या आपल्या घरांना तो भाग फारसा परका वाटणार नाही.

निकितीन भारतात यायला निघालाच नव्हता. १४६६ च्या सुमारास (काही अभ्यासक दोन वर्षं पुढचं साल धरतात) तो माल घेऊन व्होल्गावरून खाली निघाला, तो कॅस्पियनच्या पश्चिमेकडच्या शिरवान मुलखात व्यापार करायला. सोबत शिरवानचा वकील होता, इतर रशियन व्यापारी होते. अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटलं. पुढे समुद्रात वादळ झालं, एक जहाज किनाऱ्यावर आपटलं आणि त्यावरची माणसं पकडली गेली. शेवटी सगळे शिरवानच्या राजापुढे गेले आणि म्हणाले, घरी परत जाण्यापुरते पैसे तरी द्या. राजाने काही दिलं नाही. मग ते रडले आणि पांगले. ज्याचं रशियात काही शिल्लक होतं तो परत गेला. ज्याच्या डोक्यावर तिथे कर्ज होतं तो वाट फुटेल तिकडे गेला. निकितीन हे एकदोन वाक्यांत उरकतो. स्वतःवर किती कर्ज होतं, कुणाचं होतं, काही सांगत नाही. पण तो परत गेला नाही, एवढं खरं.

शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, नंदुरबारकडून उधना स्टेशनला उतरलेल्या आपल्या मागच्या पिढीला विचारून बघा. पाऊस गेला, सोसायटीचं कर्ज अंगावर आलं, बहिणीचं लग्न झालं आणि देणेकरी दारात आले. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून लूमवर किंवा मिलमध्ये कामाला आलेली माणसं प्रत्येक गल्लीत सापडतील. 'दोन वर्षांत परत जाऊ' असं म्हणून ती आली होती. त्यांना निकितीनचं हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

तो पुढे बाकूला गेला, मग कॅस्पियन ओलांडून इराणात. गावागावांत मुक्काम करत एकदोन वर्षांत इराणच्या दक्षिण टोकाला होर्मुझ बंदरात पोहोचला. तिथे त्याला समजलं की हिंदुस्थानात घोडे चांगले होत नाहीत आणि बाहेरून आलेल्या घोड्याला भरपूर किंमत मिळते. माहिती खरी होती. दख्खनमध्ये बहामनी सुलतान आणि विजयनगर यांची सतत लढाई चालू होती. दोघांनाही घोडदळ हवं होतं आणि अरबस्तान-इराणातून जहाजं भरभरून घोडे येत होते. निकितीनने शंभर रूबल खर्चून एक घोडा घेतला. एका बुडालेल्या व्यापाऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही. माझ्या मते उरलंसुरलं सगळं त्याने या एका जनावरात घातलं असणार.

घोड्यासकट जहाजात बसून मस्कत, मग गुजरातचा किनारा, मग खंभात. खंभातला तो फार रमलेला दिसत नाही, पण माल मात्र व्यापाऱ्याच्या नजरेने टिपतो : रंगीत कापड, नीळ, लाख, अकीक. अकीकाचे मणी खंभातला आजही घासले जातात. तिथून जहाज खाली चौलला गेलं, म्हणजे आपल्या तापीच्या मुखासमोरून गेलं असणार. सुरतेचं नाव त्याने घेतलेलं नाही. होर्मुझपासून चौलपर्यंत एकूण सहा आठवडे समुद्रात काढले.

चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या खाली, रेवदंड्याला लागून. उतरल्याबरोबर त्याच्यामागे गर्दी. गोरा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. त्यालाही लोकांचं तेवढंच नवल : उघडी अंगं, उघडी डोकी, केसांची एकच वेणी. कोण कोणाकडे जास्त बघत होतं ते सांगणं कठीण आहे.

चौलहून तो पालीला गेला, आठ दिवस. पुढे उमरी नावाच्या ठिकाणी, दहा दिवस. मग जुन्नर, सहा दिवस. कोकणातून घाट चढून घोड्याला सांभाळत चोवीस दिवसांची चाल. आज गाडीने सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत पोहोचतो. जुन्नरचं त्याचं वर्णन वाचताना मला मजा वाटली : शहर एका खडकावर आहे, तो कुणी बांधलेला नाही, देवानेच केलेला आहे, आणि वर जायची वाट एवढी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. ज्याने शिवनेरी चढला आहे त्याला हे काय असावं ते लगेच कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती.

आणि पाऊस! रशियात हिवाळ्यात घरात अडकून बसतात, म्हणून त्याने आपल्या पावसाळ्यालाच 'हिवाळा' म्हटलंय. चार महिने दिवसरात्र सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि नेमकं त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, याचं त्याला आश्चर्य. दोन महिने तो जुन्नरला अडकून पडला. घोड्याला काय खायला घालतात तेही लिहिलंय : हरभरे आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी. 'खिचडी' हा शब्द त्याने आपल्या लिपीत लिहून ठेवलाय. युरोपातल्या माणसाने या शब्दाची नोंद केल्याचा हा फार जुना दाखला आहे, आणि ती खिचडी घोड्याची होती. (घरातल्या लहानांना आजारपणात खिचडी भरवताना हे सांगू नका.)

आता तो घोडा. जुन्नर तेव्हा बहामनी राज्यात होतं. असदखान नावाचा सरदार तिथे होता. त्याचा वरिष्ठ होता मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे बिदरचा प्रसिद्ध वजीर महमूद गवान. असदखानाकडे हत्ती-घोडे कितीतरी होते, तरी तो माणसांच्या खांद्यावरून फिरायचा, असं निकितीन लिहितो. हा परदेशी मुसलमान नाही, असं खानाला कळलं आणि घोडा गेला. चार दिवसांची मुदत संपत आली. तेवढ्यात खुरासानचा मुहम्मद नावाचा एक खजिनदार तिथे आला. निकितीनने त्याच्यापुढे हात जोडले. तो खानाकडे गेला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत आणला. धर्मही सोडावा लागला नाही. निकितीनने याला देवाचा चमत्कार म्हटलंय, पण चमत्कार करणारा एक परका, परधर्माचा माणूस होता, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. नाव आणि गाव घालून.

लगेच पुढे त्याने आपल्या देशबांधवांना एक कडू सल्ला दिलाय. हिंदुस्थानात यायचंच असेल तर आपला धर्म घरी ठेवून या. हा माणूस पुढे कित्येक वर्षं स्वतःच तो सल्ला पाळायचा नाही म्हणून धडपडत राहिला. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा जीव तिथे आहे.

कारण त्याच्याकडे कालनिर्णय नव्हतं.

विनोद करत नाही. अस्त्राखानजवळ लुटालूट झाली तेव्हा त्याची पुस्तकं गेली. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. तो चंद्रावर आणि वसंतातल्या विषुवदिनावर ठरतो, म्हणजे आपल्या तिथीसारखाच गणिताचा भाग आहे. त्यासाठी कोष्टक लागतं. ईस्टर चुकला की त्याआधीचा मोठा उपवास चुकला, आणि पुढचे सणही चुकले. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास असतो, पण आज कोणता वार, हेच कळेना झालं. तो पुन्हा पुन्हा लिहितो : ईस्टर कधी ते मला माहीत नाही, अंदाजाने केला. अंदाज कशाचा? आकाशाचा. कृत्तिका आणि मृग पहाटेत शिरले, सप्तर्षीचं डोकं पूर्वेकडे आलं, म्हणजे आज असावा. आणि दुसरा आधार शेजारच्या मुसलमानांच्या सणांचा. त्यांचा अमुक सण अमुक दिवशी, म्हणजे आपला त्याच्या आसपास. एकदा तर त्याने सरळ त्यांच्या रोज्यांबरोबर महिनाभर स्वतःचा उपवास धरला. कुणीतरी उपास करतंय ना, मग आपणही त्यांच्यासोबत करू.

आपल्या भागात हे फार जवळून बघायला मिळतं. इथलं नवं वर्ष दिवाळीनंतर, कार्तिकातल्या पाडव्याला. आपलं चैत्रात, गुढीपाडव्याला. शाळेला सुट्टी इथल्या सणांची. आखाजीला रजा मागावी लागते आणि साहेबाला 'आखाजी म्हणजे काय' ते समजवावं लागतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा अख्खी गल्ली आपली असते, पण रस्त्याच्या पलीकडच्या सोसायटीला तो नुसता रविवार असतो. भिंतीवर कालनिर्णय नसतं तर यातलं आपल्याला किती आठवलं असतं? मला माझ्यापुरतं उत्तर माहीत आहे : फोनने आठवण करून दिली तेवढंच. आणि मुलांना तेवढंही नाही.

जुन्नर सोडून निकितीन बिदरला गेला. नाव त्याने तोवर बदललं होतं. बाजारात तो ख्वाजा युसूफ खुरासानी. घोडा काही लवकर विकला जाईना. आळंदला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदला, मोठी जत्रा भरायची. तिथे वीस हजार घोडे विकायला येतात असं तो लिहितो. आकड्यात थोडी जत्रेची हवा असेल. शेवटी नाताळच्या सुमारास बिदरला त्याने घोडा विकला. वर्षभर त्याला पोसला आणि त्यापायी अडुसष्ट नाणी गेली, हा हिशेबही दिलाय. नफा झाला का, ते मात्र लिहिलेलं नाही. ज्याच्या घरात धंदा आहे त्याला यातून काय समजायचं ते समजेल.

बाजाराबद्दलचं त्याचं मत स्पष्टच आहे. इथे आपल्या देशाला लागणारा माल भरपूर आहे असं मला सांगितलं, ते खोटं निघालं. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. सांगणाऱ्यांना त्याने शिव्याही हासडल्या आहेत. रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये बसून कुणी बोलावं तसंच वाटतं.

बिदरच्या सुलतानाची मिरवणूक तो डोळे विस्फारून वर्णन करतो : सोनं, हत्ती, वाजंत्री, चांदीच्या पलंगावरून नेले जाणारे सरदार. आणि त्याच दमात लिहितो की मुलूख माणसांनी गच्च भरलेला आहे, खेड्यातले लोक उघडेनागडे आणि सरदार मात्र श्रीमंत. दरबारातल्या कुणी हे वाक्य लिहिलं नसतं. माकडांबद्दलही तो लिहितो की त्यांचा एक राजा असतो, कुणी त्रास दिला तर माकडं त्याच्याकडे तक्रार करतात आणि तो फौज पाठवतो. कुणीतरी त्याला रामायण सांगितलं असणार आणि त्याने ते ताजी बातमी म्हणून लिहून घेतलं.

बिदरलाच एक गोष्ट घडली. तिथल्या हिंदूंशी ओळख वाढल्यावर त्याने त्यांना खरं सांगून टाकलं : मी मुसलमान नाही, खुरासानी नाही, माझं नाव अफानासी, मी ख्रिस्ती. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, ना जेवण, ना पूजा, ना घरातली माणसं. तो लिहितो की यांच्यात चौऱ्याऐंशी पंथ आहेत, एक दुसऱ्याबरोबर जेवत नाही, लग्न करत नाही, आणि गाईचं मांस कुणीच खात नाही. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. त्या जागेला त्याने हिंदूंचं जेरुसलेम म्हटलंय. यापेक्षा मोठा मान त्याच्या शब्दकोशात नव्हता.

आता भाषेचं. मूळ मजकूर जुन्या रशियन भाषेत आहे, पण मध्येच तो तुर्की, फारसी, अरबी शब्दांत घुसतो. लिपी रशियन, शब्द बाजारातले. काही ठिकाणी कारण उघड आहे, ती वाक्यं घरच्यांनी वाचू नयेत अशी आहेत (आपलं कौटुंबिक मासिक आहे, पुढे जाऊ). पण एक जागा वेगळी आहे. देशादेशांची तुलना करता करता तो स्वतःच्या मुलखावर येतो. माझ्या देशासारखा देश जगात नाही, देव त्याला राखो, जरी तिथले सरदार न्यायाने वागत नसले तरी. तिथे न्याय नांदो. हे सगळं तो रशियन सोडून तुर्कीत लिहितो. अभ्यासक म्हणतात, सरदारांवरची टीका पकडली जाऊ नये म्हणून. असेल. मला मात्र दुसरंही वाटतं. पाचसहा वर्षं ज्या भाषेत भाव केला, भांडला, मदत मागितली, त्याच भाषेत आता मनातलं यायला लागलं असावं.

'आई, भूक लागली, जेवायला दे ने' हे आपल्या घरातलं वाक्य. तो शेवटचा 'ने' गुजराती. आजीला फोनवर 'काय करी ऱ्हायना तू?' कळतं, पण उत्तर हिंदीत जातं. यावर आपल्या मंडळात दर वर्षी चर्चा होते आणि ती नेहमी 'मुलांची भाषा बिघडली' इथेच संपते. निकितीनचं वाचल्यावर मला त्या 'बिघडली' शब्दाची शंका यायला लागली आहे. ज्या माणसाची भाषा इतकी मिसळली तोच आपल्या गावासाठी सगळ्यात कळकळून बोललाय. मात्र हेही खरं की तुर्की वाक्यांखाली पायाला रशियन होतीच. मूळ भाषाच आली नसती तर मिसळायला काय उरलं असतं? आपल्या मुलांना वाचता येतं का, हा प्रश्न मला 'ने' पेक्षा मोठा वाटतो. हा मजकूर घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तो कुठे अडतो ते बघा.

परतीची वाट त्याने दाभोळहून धरली. होर्मुझपर्यंतचं भाडं सोन्याची दोन नाणी. जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं, तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन सुटका झाली. मग मस्कत, होर्मुझ, इराण, आणि काळ्या समुद्राकाठचं त्रेबिझोंद. तिथे हेर समजून त्याच्या सामानाची झडती झाली, कागद शोधले, बारीकसारीक वस्तू गेल्या. तरी वह्या वाचल्या. काळा समुद्र ओलांडून तो काफाला पोहोचला. आता सगळा रस्ता जमिनीचा, भाषा ओळखीची. पण स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. त्वेर काही दिसलं नाही. घेतलेलं कर्ज फिटलं की नाही, ते कुठेच आलेलं नाही.

वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि तिथल्या राजाच्या एका कारकुनाच्या हाती दिल्या. हे १४७५ च्या सुमाराचं. त्या तिथल्या बखरींत नकलून घेतल्या गेल्या आणि पुढे साडेतीनशे वर्षं जवळजवळ विसरल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन नावाच्या इतिहासकाराला त्यांची एक प्रत मठाच्या ग्रंथालयात सापडली. आज त्वेरला नदीकाठी निकितीनचा पुतळा आहे, आपल्याकडे रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात स्मारक आहे, आणि १९५७ मध्ये त्याच्यावर 'परदेसी' नावाचा हिंदी-रशियन सिनेमाही निघाला. त्यात नर्गिस आहे आणि बलराज साहनी आहे. घरातल्या मोठ्यांपैकी कुणी पाहिला असेल तर विचारा.

तो शेवटी ख्रिस्ती राहिला की मुसलमान झाला, यावर विद्वान अजून भांडतात, कारण पुस्तकाचा शेवट एका लांब प्रार्थनेने होतो आणि ती प्रार्थना अरबी, फारसी, तुर्की अशी सगळी मिसळलेली आहे. देवाची नावं एकामागून एक, ईशूचंही त्यात. मठातल्या लेखनिकांना त्यातलं बहुधा काहीच कळलं नसेल. तरी त्यांनी ती अक्षर अन् अक्षर रशियन लिपीत उतरवून घेतली.